भेगेतली उदबत्ती

देवघराशेजारच्या भिंतीत, खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली, एक तिरकी भेग आहे. मे महिन्यात तिच्यात उदबत्तीची काडी सहज बसते. पोळ्याच्या सुमारास शिरत नाही. पायाखालची काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, आणि घर तिच्यासोबत हलतं. शाळेत विज्ञान शिकवताना मी मुलांना हेच उदाहरण देते.

अप्पा गेल्यावर परभणीतलं, वसमत रोडचं हे घर आम्ही विकायला काढलं, त्याला दोन वर्षं झाली. मध्यंतरी आई न्हाणीघरात पडली आणि बराच वेळ कुणाला कळलं नाही. तिला नांदेडला माझ्याकडे न्यायचंय. ती "येते की" म्हणते. मात्र गिऱ्हाईक आलं की आधी त्याला भेगेसमोर उभं करते.

"आई, आज तेवढं राहू दे," मी सकाळीच म्हटलं.

"का? खोटं बोलून घर विकायलीस का?"

दुपारी महारुद्र आणि राजेश्री आले. जोडपं झरीचं, त्याची नोकरी परभणीत. चहा उकळायच्या आत आईनं त्यांना भिंतीशी नेलं.

"बघून घ्या. लय जुनी हाय. दर उन्हाळ्याला उघडती."

महारुद्रचा चेहरा उतरला. "इंजिनिअरला दाखवावं लागंल."

हेही गेले, असं मला वाटलं.

राजेश्री मात्र खाली बसली. तिनं भेगेवरून बोट फिरवलं. बोटाला राख लागली.

"काकू, इथं उदबत्ती लावता का काय तुमी?"

आईनं माझ्याकडे हात केला. "अनूचे अप्पा लावायचे. उन्हाळाभर हितंच."

"अन् पावसाळ्यात?"

"काडी जातच न्हाई मग. केळात खोचायचे."

राजेश्री खळखळून हसली. "झरीला आमच्या सासूबाई फणी ठेवत्यात भेगंत! सिमेंट भरलं की शेजारी दुसरी फुटती. मातीच तशी हाय."

"हेच! हेच म्हणायचे ते."

"मग करायचं काय?" महारुद्रनं बायकोला विचारलं.

"काय करायचं? उदबत्ती लावायची."

आईनं देवघरातून उदबत्ती पेटवून आणली आणि राजेश्रीच्या हाती दिली. तिनं ती भेगेत खोचली. धूर भिंतीला लागून वर चढू लागला. आईनं तळहात भिंतीवर टेकवला, बराच वेळ तसाच ठेवला.

"अनू," ती म्हणाली, "घर ह्यांना द्यायचं."