हरिबांच्या पायाच्या दोन काचपट्ट्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक आहे. माझे पितळ आता काळवंडले आहे आणि चित्र नेमके करायचे बारीक चाक अधूनमधून अडकते. मला आठवते ते सगळे बरोबरच असेल, अशी ग्वाही मी देत नाही. मी फक्त मोठे करून दाखवतो. त्याचा अर्थ लावायला माणसाचा डोळा लागतो. तरी एका पायाची गोष्ट तुम्हाला सांगावी, असे फार दिवस मनात आहे.

माझी भिंगे समुद्रापलीकडे घासली गेली. पहिली वर्षे मी साताऱ्यात एका निवृत्त लष्करी डॉक्टरांकडे होतो. पलटणीतून रजेवर आलेल्या जवानांचे रक्त ते माझ्याखाली ठेवत आणि हिवतापाचे जंतू शोधत. जंतू सापडला की "मिळाला चोर" म्हणून माझ्या नळीवर थोपटत. ते वारले तेव्हा त्यांच्या पत्नी लीलाबाईंनी मला सांगलीतल्या एका लहान दवाखान्याला देऊन टाकले. तिथे मी नाथाजींच्या हाती आलो.

नाथाजी तपासणीच्या खोलीत काम करत. माणूस फार बुजरा. रोग्याशी बोलताना त्यांची नजर जमिनीवर असे. माझ्याशी मात्र ते पुटपुटत राहत. खिडकीतला उजेड माझ्या आरशात धरायचा आणि तासन्‌तास पाहत बसायचे, हे त्यांचे सुख होते.

१९४६ च्या हिवाळ्यात आटपाडीकडून हरिबा आणि त्यांची पत्नी सुलाबाई आली. हरिबांचा सारा जन्म मेंढरांमागे चालण्यात गेलेला. लहानपणी पाय दुखतो म्हणून कुणीतरी त्यांच्या नडगीवर तापल्या विळ्याचा डाग दिला होता. तीस वर्षांनी तो व्रण उघडला. उघडला की घरचे पुन्हा डाग देत, आणि तो पुन्हा उघडे. आता त्यातून लालसर मांस उंच वर आले होते. दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, हा कर्करोग दिसतो; गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, नाहीतर रोग जीव घेईल.

"मांस चढाय लागलंय, डॉक्टर," हरिबा म्हणाले. "मेंढराच्या खुरात असं लाल मांस वर आलं की मेंढरू बरं हुतंय. भरत आलेला पाय कापायचा व्हय?"

"आवं, पर वास येतोय त्येला," सुलाबाई म्हणाल्या.

"तुला समद्याचाच वास येतोय."

शेवटी खात्री करायला डॉक्टरांनी जखमेतून दोन बारीक तुकडे घेतले. एक कडेचा, जिथे कातडी खरोखरच भरू पाहत होती; दुसरा त्या उंच मांसाचा. नाथाजींनी ते मेणात बसवले, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढले, जांभळा रंग दिला आणि दोन काचपट्ट्या तयार केल्या.

मित्रांनो, पहिल्या पट्टीत मी जे दाखवले ते आठवले की आजही माझी भिंगे तेव्हासारखी स्वच्छ असावीत असे वाटते. कातडीच्या अगदी तळाच्या ओळीत एखादीच पेशी दुभंगत होती. तिच्यातली रंगसूत्रे, तुम्ही ज्यांना गुणसूत्रे म्हणता ती, मधोमध रांगेत उभी होती. शेजारच्या पेशीत त्यांचे दोन सारखे वाटे होऊन ते दोन टोकांना निघाले होते. कुणी मागे नाही, कुणी जास्त नाही. वरच्या थरांत सगळे शांत.

दुसऱ्या पट्टीत तळ आणि वर असे काही उरलेच नव्हते. जिथे पाहावे तिथे पेशी दुभंगत होत्या. कुठे रंगसूत्रे तीन टोकांना ओढली जात होती, कुठे काही वाटेतच मागे राहिली होती.

नाथाजींनी दोन्ही पट्ट्या तीन तीनदा पाहिल्या. "भरणाऱ्या जखमेतही पेशी दुभंगतातच," ते मला म्हणाले. "माझं चुकलं तर चांगल्या माणसाचा पाय जाईल."

तेवढ्यात हरिबा लंगडत आत आले. "मला दावा. पाय माजा हाय."

नाथाजींनी स्टूल पुढे सरकवले. हरिबांनी डोळा लावला. "जांभळा चिखल हाय नुसता."

"घाई करू नका. तळाची ओळ बघा."

हरिबा बराच वेळ हलले नाहीत. दीडशे मेंढरांतले प्रत्येक मेंढरू तोंडावरून ओळखणारा तो डोळा होता. हळूहळू ते बोलू लागले.

"हितं खालच्याच वळीत एकाची दोन हुत्यात. बाकीची गुमान उभी हायती."

नाथाजींनी पट्टी बदलली. हरिबांचा श्वास माझ्या नळीवर जोरात येऊ लागला.

"हितं समदीकडंच चाललंय. आन ह्यो एक तीन वाटंनी फाकलाय. आसं कवा आसतंय व्हय?"

"चांगल्या कातडीत नाही पाहिलं मी," नाथाजी म्हणाले. त्या दिवशी प्रथमच ते रोग्याच्या डोळ्यांत बघून बोलले. "आणि जखम भरली की चांगल्या पेशी थांबतात. या थांबणार नाहीत."

हरिबांनी मान वर केली. "ह्ये भरणं न्हवं. हितं राखणच न्हाई कुणाची." मग दाराशी उभ्या सुलाबाईंकडे न बघताच म्हणाले, "मेंढरांमागं कोण जाणार गं आता?"

"मी जाईन की. तुमी बसून हाका मारा. तसंबी वरडायचं काम तुमचंच हाय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय काढला.

अडीच महिन्यांनी हरिबा कुबडीवर तपासणीच्या खोलीत आले आणि धोतर वर करून नाथाजींपुढे उभे राहिले.

"भरली जखम," नाथाजी म्हणाले.

"ती मलाबी दिसतीया. कातडी वाढायची थांबली का?"

नाथाजी वाकले. माझी गरज त्यांना नव्हती. पायाच्या टोकावर गुलाबी कातडी सपाट मिटली होती, उंचवटा कुठेच नव्हता. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवले.

"थांबली," ते म्हणाले.

मित्रांनो, महिनोन्‌महिने न भरणारी जखम कुणाची असेल तर तिला डाग देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि तुमच्या शाळेच्या कपाटात माझ्यासारखा कुणी धूळ खात असेल, तर त्याची भिंगे मऊ कापडाने पुसून त्याला उजेडाकडे ठेवा. तुमच्या बोटाला कधीतरी कापले होते ना? जिथे ते मिटले, तिथे कुणीतरी त्या पेशींना 'आता पुरे' असे सांगितले. कोणी सांगितले, ते इतकी वर्षे पाहूनही मला दिसलेले नाही. कदाचित माझी ताकद कमी पडली असेल. तुम्ही पाहा.