आत्याचा आठवा दिवस

विल्टनचं सामान त्याच्या बायकोनं, रेनेलनं, दाराबाहेर काढून ठेवलं, त्याला पाच आठवडे झाले होते. दोन खोकी, एक गाठोडं आणि त्यावर उलटे ठेवलेले बूट. झूनी आदिवासींच्या या गावात यापेक्षा जास्त बोलायची पद्धत नाही. घर बायकांचं, पुरुष म्हणाल तर अख्खं गाव घरजावयांचं. सामान बाहेर दिसलं की गड्यानं ते निमूट उचलायचं आणि आईच्या घरी परतायचं. आई नसली तर बहिणीच्या. विल्टनची बहीण म्हणजे आर्डिना. तेव्हापासून तो तिच्या सोफ्यावर होता, आणि सोफा मधोमध खचला होता.

रेनेलनं त्याला का काढलं, हे आर्डिनानं विचारलं नाही. थंडीची लाकडं ‘उद्या आणतो’ म्हणत त्यानं ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत वेळ काढला होता. इथे येऊनही तेच. आर्डिना सकाळपासून दागिन्यांत बसवायचे पिरोज्याचे तांदळाएवढे दाणे चाकावर घासायची, दुपारी अंगणातल्या पावाच्या भट्टीसाठी लाकडं फोडायची, संध्याकाळी दोघांसाठी मक्याची आमटी रटरटवायची. सोफ्यावरून आवाज यायचा, “ताई, फार दमतेस तू.” त्याला माणसाचं दमणं बरोबर दिसायचं. कुऱ्हाड तेवढी दिसायची नाही.

बातमी दुकानात कळली. पिठाच्या पोत्याशी कॅथलिना भेटली, जिच्या पोटात पाणीसुद्धा फार वेळ राहत नसे.

“अगं, आत्या झालीस! रेनेलला मुलगी झाली. मंगळवारी पहाटे, शहरातल्या इस्पितळात. तुला सांगितलं नाही कुणी?”

“सांगितलं ना,” आर्डिना म्हणाली. “तूच की आत्ता.”

“आणि ऐकलंस का? वेल्डा म्हणे नवी शाल विणायला बसलीय. लहानशी.”

पोतं उचलताना आर्डिनाचं मनगट कळवळलं. वेल्डाही करकोच्याच्या कुळातली, म्हणजे तिच्याच. आठव्या दिवशी सूर्य उगवायच्या आत बापाच्या कुळातली बाई येते, बाळाचं डोकं धुते, त्याला बाहेर नेऊन सूर्य दाखवते. जी धुते ती आत्या. मग पुढचं सगळं तिच्याकडे: लग्नात, आजारपणात, आणि शेवटी मेल्यावर केस धुवायलाही तीच. आर्डिनानं आजवर एकतीस डोकी धुतली होती, जन्माची आणि मरणाची मिळून. त्यातली कितीतरी लांबच्या नात्यातली, कारण जवळच्या बायका शहरात राहायला गेल्या होत्या आणि ती गेली नव्हती. मागच्या हिवाळ्यात तिनं जाहीर केलं होतं, “आता पुरे. आता माझंच डोकं कुणीतरी धुवा.” पण सख्ख्या भावाच्या पोरीचं डोकं वेल्डानं धुवावं, हे त्या हिशेबात बसत नव्हतं.

घरी आल्यावर तिनं विल्टनला सांगितलं. तो उठून बसला, एवढं मात्र खरं.

“मुलगी? कशी आहे?”

“मला काय माहीत? मी काय खिडकीतून बघून आले?”

“ताई, तू जाऊ नकोस हं. माझी सासू, ती म्हातारी लुसिता, तुलाही बाहेर काढेल.”

“तुझं सामान बाहेर काढलंय. माझं नाही.” आर्डिनानं पोतं जमिनीवर टाकलं. “नवरा जातो रे. आत्या कुठे जाते?”

बोलायला ठीक होतं. पण कुणाच्याही बोलावण्याची वाट न बघता आत्यानं आपणहून जायचं, अशी रीत असली, तरी दाराबाहेर खोकी ठेवलेल्या घरी कसं जायचं याची रीत कुणी ठरवलेली नव्हती. दार उघडलंच नाही तर? उघडलं आणि आत वेल्डा पाट्यावर मका वाटत बसलेली असली तर? अख्ख्या गल्लीदेखत परत फिरायचं, आणि कॅथलिना तर गल्लीतच राहते.

तरी ती तयारी करत राहिली. रविवारी ओढ्यापलीकडे जाऊन युक्काचं मूळ खणलं, ज्याचा रिठ्यासारखा फेस होतो. जमीन गोठलेली, कुदळ टणटण उडत होती. सोमवारी पांढरा मका वाटला. गिरणीचं पीठ चाललं नसतं असं नाही, पण बाळाच्या तळहातावर पहिलं पीठ ठेवायचं ते हातानं वाटलेलं असावं, असं आई म्हणायची, आणि आईशी वाद घालायला आता आई नव्हती. वाटता वाटता ती दोनदा पाट्यावरच पेंगली.

मंगळवार, आठवा दिवस. पहाटेच्या काळोखात तिनं शाल गुंडाळली, मूळ, पीठ आणि भट्टीतले पाव टोपलीत ठेवले, वर फडकं टाकलं आणि निघाली. चिखल गोठून दगड झाला होता. पूर्वेला पवित्र डोंगराची कड अजून काळीच होती. पाय म्हणत होते, परत फीर. तिनं पायांचं फार ऐकलं नाही. ऐकलं असतं तर ती कधीच घराबाहेर पडली नसती.

दार तीनदा वाजवल्यावर लुसितानं उघडलं. अंगावर रात्रीचा झगा, केस विस्कटलेले, डोळे आत गेलेले.

“तुम्ही?” लुसिता म्हणाली.

“आठवा दिवस आहे, विहीणबाई.”

“कुणाचा?”

“कुणाचा म्हणजे? बाळाचा!”

लुसितानं चौकटीला डोकं टेकलं. “आज सहावा.”

“मंगळवारी जन्मली. मंगळवार ते मंगळवार. बोटं मोजा.”

“बोटं आहेत मला. गुरुवारी घरी आली. गुरुवारी तिला गरम वाळूवर ठेवलं, शेजारी मक्याचं कणीस ठेवलं. तिथून मोजायचं. इस्पितळात वाळू होती का? कणीस होतं का? ते दोन दिवस गादीवर गेले. ते दिवसच नव्हेत.”

“सूर्यानं काय इस्पितळ बघून उगवायचं सोडलं होतं?”

“माझ्या आईनं असंच मोजलं.”

“तुमच्या आईच्या काळी इस्पितळच नव्हतं, विहीणबाई!”

एरवी लुसितानं यावर तिला अंगणापर्यंत पोचवलं असतं. पण आज तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातच तिला जांभई आली, इतकी लांब की आर्डिनालाही आली. दोघी एकमेकींकडे बघत तोंडं मिटायची वाट पाहत उभ्या राहिल्या.

आतून रेनेलचा आवाज आला. “वन्सं आल्यात का? आई, त्यांना थंडीत काय उभं करतेस?”

“चुकीच्या दिवशी आल्यात,” लुसिता ओरडली.

“मग बरोबर दिवसापर्यंत आत बसू देत!”

स्वयंपाकघरात शेगडी मंद होती. आर्डिनानं टोपली टेबलावर ठेवली आणि जे विचारायचं नाही असं ठरवून आली होती तेच आधी विचारलं.

“वेल्डाला कोणता दिवस सांगितलात?”

“वेल्डाला?” लुसितानं कॉफीचा कप पुढे सरकवला. “तिचा इथे काय संबंध? ती तिच्या नातवासाठी विणतेय, अल्बुकर्कीला. मी तुमची वाट बघत होते. रोज पोरीला म्हणत होते, येणार नाही ती, त्या आळशाची बहीण आहे. आणि रेनेल म्हणायची, येतील.” ती खुर्चीत बसली. “विचारणार कशी? सामान आम्हीच बाहेर ठेवलेलं.”

“सामान बरोबर ठेवलंत,” आर्डिना म्हणाली. “मीही ठेवलं असतं. पण मी ठेवणार कुठे? माझ्या घरानंतर त्याला जायला दुसरं घरच नाही.”

लुसिता पुन्हा हसली. मग आत जाऊन बाळ घेऊन आली आणि आर्डिनाच्या हातात दिलं. “जरा धरा. पाच रात्री झोपले नाही,” म्हणाली, आणि खुर्चीत बसल्या बसल्या, स्वतःचा कप हातात असतानाच, झोपली. आर्डिनानं दुसऱ्या हातानं तिचा कप काढून घेतला.

खिडकीबाहेर मंगळवारचा सूर्य वर आला. बाळाला तो कुणी दाखवला नाही. आर्डिनानं मनात अजून एकदा मोजलं. तिचंच बरोबर होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. घर लुसिताचं, वाळू लुसिताची.

गुरुवारी पहाटे ती पुन्हा त्याच गोठलेल्या रस्त्यानं आली. या वेळी दार वाजवायला हात उचलला तोच दार उघडलं. पाणी कोमट करून ठेवलेलं होतं. तिनं मूळ चेचलं, फेस केला, आणि नारळाएवढ्या त्या डोक्यावरून तो हळूच फिरवला. पोरगी किंचाळली. “किंचाळ,” आर्डिना म्हणाली, “पुढे माझी पाळी आली की तूही माझं डोकं असंच धू.” रेनेल भिंतीला टेकून बसली होती, ती रडत होती की हसत होती ते फेसातून दिसलं नाही.

बाहेर आल्यावर डोंगरामागे उजेड होता, पण सूर्य नव्हता. डोंगर आडवा, त्याला घाई नाही. बाळाच्या मुठीत चिमूटभर पीठ ठेवून, बाळाला पूर्वेकडे धरून आर्डिना उभी राहिली. हात भरून आले. दीर्घ आयुष्याची प्रार्थना तिनं एकदा म्हटली, सूर्य आला नाही म्हणून पुन्हा म्हटली.

“द्या इकडे थोडा वेळ,” लुसिता म्हणाली. “थकलात तुम्ही.”

“थकलेय,” आर्डिना म्हणाली, आणि बाळ दिलं नाही.