कॅरिअरवरचं इंग्रजी

हॉटेलात गाडी कायमची लागली, तर कैलासच्या पदरात काय काय पडणार होतं, ते त्यानं मनाशी पक्कं मांडून ठेवलं होतं. गाडीला पोर्चची सावली. दुपारी हॉटेलच्या मागच्या ओट्यावर पाठ टेकायची सोय. रात्रीचं जेवण घरी आणि तेही गरम. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे लोणावळ्याच्या टॅक्सी स्टँडवर नंबर लावून दिवसभर लोकांची तोंडं बघत बसण्यातून सुटका. त्या नंबरापायी त्याची निम्मी जवानी शेजारच्या टॅक्सीवाल्या युनूसच्या विनोदांवर हसण्यात गेली होती, आणि विनोद तरी कसले, तेच ते.

अडचण एकच. हॉटेलच्या मालकीणबाई, यशोधरा मॅडम, यांना इंग्रजी बोलणारा ड्रायव्हर हवा होता. आधीचा ड्रायव्हर कशालाही "यस मॅडम, यस मॅडम" म्हणायचा. एका पाहुण्यानं पोट धरून डॉक्टर मागितला, तर यानं "यस यस" करत त्याला सूर्यास्त दाखवून आणला. तेव्हापासून मॅडमनी पण केला होता, की जो इंग्रजीत अख्खं वाक्य बोलेल त्याचीच गाडी लावायची.

शब्द कैलासकडे पोत्यानं होते. रोड, वॉटर, फोर्ट, पार्किंग. शब्दाला शब्द जोडायची वेळ आली की मात्र गाडी चिखलात. मग त्यानं मळवलीला बहिणीच्या घरी जाऊन भाचीला गाठलं. भाची प्रेरणा वडगावला इंग्रजीचा क्लास घ्यायची.

"मामा, सोपं आहे," प्रेरणा म्हणाली. "मराठीत आपण सगळं सांगून झाल्यावर शेवटी काय केलं ते सांगतो. इंग्रजीत आधी कोण, लगेच काय करतो, आणि मग कुठं, कशानं, कुणाबरोबर."

कैलासनं डोळे मिटले. "म्हंजी डायवर बसला की गाडी चालू. पाव्हणं, सामानसुमान समदं मागनं."

"अगदी! 'आय टेक यू.' इथं गाडी चालू झाली. आता सामान चढवा. 'टू द केव्हज.' 'आफ्टर टी.' टू, निअर, विथ, बिहाइंड या दोऱ्या समजा. आपण दोरी मागं बांधतो. लेण्यांकडं, दुकानाजवळ. ते लोक पुढं बांधतात."

"आन असं किती नग चढवता येत्यात?"

"कितीही. व्याकरणाची काही हरकत नसते," प्रेरणा हसली. "ऐकणाऱ्याची असू शकते."

शेवटचं वाक्य कैलासनं ऐकलंच नाही. टपावरच्या कॅरिअरवर कितीही सामान चालतं म्हटल्यावर कुठला टॅक्सीवाला पुढचं ऐकतो? आठवडाभर तो आरशात बघून वाक्यं लादत होता. स्टँडवर युनूसला म्हणाला, "आय ड्रिंक टी विथ युनूस अंडर द ट्री बिफोर लंच."

"सगळं झकास हाय भाऊ," युनूस म्हणाला, "फक्त त्यात पैसे कोण देणार ते राहिलं."

परीक्षेचा दिवस उजाडला. पाहुण्या होत्या इंग्रिडबाई. सत्तरीच्या, स्वीडनच्या, ताठ कण्याच्या. इंग्रजी त्यांचीही आईची भाषा नव्हे, त्यामुळं प्रत्येक शब्द चघळून गिळायची सवय. बाईंना भाज्याची लेणी बघायची होती. यशोधरा मॅडम स्वतः परीक्षक म्हणून सोबत बसल्या.

"आज आपण कुठं जाणार?" इंग्रिडबाईंनी इंग्रजीत विचारलं.

कैलासनं घसा साफ केला. "मॅडम, आय टेक यू टू द केव्हज."

इथं थांबला असता तर नोकरी तिथंच खिशात होती. पण मावळात नुसता रस्ता कुणी सांगत नाही. रस्ता सांगायचा म्हणजे तो कुणाच्या बांधावरून जातो, कुणाच्या दारात वळतो, हे सांगितल्याशिवाय सांगणाऱ्यालाच चुकल्यासारखं होतं. शिवाय कॅरिअर रिकामं. कैलासनं नग चढवायला घेतले.

"बाय द रोड निअर द चिक्की शॉप ऑफ माय ब्रदर-इन-लॉ, बिहाइंड द हाउस ऑफ माय ओल्ड टीचर, पास्ट द कुकुंबर्स ऑफ बयाबाई, टू द हाउस ऑफ माय सिस्टर विथ द बिग जॅकफ्रूट ट्री!"

एकही दोरी सुटली नव्हती. यशोधरा मॅडमच्या भुवया कौतुकानं वर गेल्या.

इंग्रिडबाई मात्र बोटांवर मोजत होत्या. दुकान, गुरुजी, काकड्या, बहीण. मग टाळी वाजवून म्हणाल्या, "व्हेरी गुड प्रोग्रॅम. आय वॉन्ट ऑल."

कैलासनं खुणा सांगितल्या होत्या, बाईंना वाटलं सहलीचे थांबे. आता दुरुस्त करावं, तर म्हणायचं काय? पाहुणी स्वतःच्या तोंडानं बहिणीच्या घरी येते म्हणतेय, आणि तिला नको म्हणायचं? मावळात तसं वाक्य मराठीतसुद्धा कुणी शिकवत नाही.

दाजींच्या दुकानात बाईंनी शेंगदाण्याची, तिळाची, खोबऱ्याची अशी सगळी चिक्की चाखली. दाजींनी वर डबा बांधून दिला आणि पैसे म्हणताच कानाला हात लावले. गुरुजी दुपारचे गाढ झोपले होते. त्यांना उठवलं, तेव्हा परदेशी बाई दारात बघून ते आधी सदरा शोधायला धावले आणि मग तासभर शेक्सपिअरवर बोलले. बाईंना काही कळलं नाही, पण त्या मान डोलावत राहिल्या. बयाबाईनं मांडवातली कोवळी काकडी मीठ लावून हातात दिली आणि कैलासला बाजूला घेऊन विचारलं, "कुणाची रं ही? लय वाळलीया. घरी खायला घालत न्हाईत व्हय?"

"कैलास," यशोधरा मॅडम दात आवळून म्हणाल्या, "तुम्ही गाडी चालवताय की वंशावळ? पाच वाजता लेणी बंद होतात!"

"बस, बहिनीकडं पाच मिन्टं, मॅडम."

मळवलीला बहिणीनं, म्हणजे सविताबाईनं, चुलीवर तवा टाकलेला बघताच मॅडमनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. पाच मिनिटांत पाणीसुद्धा मिळालं नाही, कारण आधी ओवाळणी झाली. मग भाकरी, ठेचा, पिठलं. इंग्रिडबाई ठेच्यानं रडल्या आणि पुन्हा ठेचाच मागू लागल्या. प्रेरणा क्लासहून आली, मामानं काय काय लादलं ते तिनं ऐकलं आणि तेच वाक्य पानावर वाढलेलं बघून कपाळावर हात मारून हसत सुटली.

लेण्यांच्या पायथ्याशी पोचले, तेव्हा वरून शेवटचे लोक खाली येत होते.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "लेणी सोडून सगळं दाखवलंत."

कैलास स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसू लागला. पोर्चची सावली, मागचा ओटा, गरम जेवण, सगळं त्याला समोरच्या डोंगराआड जाताना दिसत होतं.

तेवढ्यात इंग्रिडबाई म्हणाल्या, "नो प्रॉब्लेम. आय सी द केव्हज टुमॉरो, विथ माय फ्रेंड्स फ्रॉम पुणे, विथ धिस मॅन."

कैलासला वाटलं, बाई काय नेमके तीन नग बांधते! यशोधरा मॅडमना वाटलं ते वेगळं. बाई उद्या सकाळी खोली सोडणार होत्या. आता त्या राहणार, आणि पुण्याच्या मैत्रिणीही येणार. मॅडमच्या चेहऱ्यावरचं ऊन लगेच सौम्य झालं.

"गाडी उद्यापासून पोर्चमध्ये लावा," त्या म्हणाल्या. "पण कैलास, वाक्यात नातेवाईक एकच. आणि तोही झोपलेला नको."

संध्याकाळी स्टँडवर रिवाजाप्रमाणं वडापाव झाला. जो नंबरातून सुटतो, त्यानं सगळ्यांना खिलवायचं. वडापाववाल्यानं बिल मागितलं, तर कैलासचे खिसे रिकामे. ज्या ज्या घरी गेला, तिथल्या पोरांच्या हातावर काही ठेवल्याशिवाय मामाला, काकाला उठता येतं का?

"म्हंजी नोकरी तुला आन बिल मला?" युनूस ओरडला, आणि शिव्या घालत खिशात हात घातला.

तर त्या दिवसाचा जमाखर्च असा. दाजींची चिक्की गेली, गुरुजींची झोप गेली, बयाबाईच्या काकड्या गेल्या, सविताबाईचं पीठ गेलं, आणि वडापावचं बिल युनूसनं भरलं. इंग्रिडबाई दिवसभर पाकीट काढत होत्या. त्यांचा छदामही कुणी घेतला नाही. यशोधरा मॅडमनी तर पाकीट काढलंच नाही.