हौदाच्या तळाचं काळं झाकण

शुक्रवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी, गोळी टाकूनही, मोजायच्या नळीतलं पाणी सलग आठव्या दिवशी रंगहीन निघालं. कंपाउंडरांनी वहीत लिहिलं : क्लोरीन शून्य. मग पावडरीचा डबा उघडला.

हौद घराच्या मागच्या अंगणात आहे. लोखंडी नळ्यांची गोल चौकट, आत जाड निळं प्लास्टिक, बारा फूट रुंद, तीन फूट पाणी. मुलाने तो विकत आणला तेव्हा खोक्यावर काहीतरी भारदस्त नाव होतं. घरात त्याला पहिल्या दिवसापासून हौदच म्हणतात. पाणी राखायचं काम कंपाउंडरांनी स्वतःकडे घेतलं. अडतीस वर्षं त्यांनी एका दवाखान्यात औषधं मोजून दिली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना अजून याच नावाने ओळखतात.

त्यांचा एक नियम होता. तळाला त्यांनी औषधाच्या जुन्या बरणीचं काळं झाकण चिकटवलं होतं. काठावरून ते स्पष्ट दिसलं नाही, तर कोणी उतरायचं नाही.

आठ दिवस ते दिसत नव्हतं. पाणी आधी हिरवट झालं, मग दुधाळ. रोज संध्याकाळी कंपाउंडर ऐंशी ग्रॅम पावडर बादलीत विरघळवून ओतत. पाला पडू नये म्हणून वर ताडपत्री ओढत. दुसऱ्या दिवशी मोजत. पुन्हा शून्य.

हे सगळं त्यांच्या बायकोच्या गुडघ्यावर येऊन ठेपलं होतं. ऑपरेशनला सात आठवडे झाले होते. पाय शहात्तर अंशांपर्यंत वाकत होता. सोमवारपर्यंत नव्वद झाले नाहीत तर भूल देऊन बळाने वाकवावा लागेल, असं सर्जनने सांगितलं होतं. जमिनीवर तिला दहा पावलं जड जात. कमरेएवढ्या पाण्यात ती वीस मिनिटं चालायची आणि रोज दोन-तीन अंश जास्त वाकवायची. पाणी गढूळ झालं त्या दिवसापासून गुडघा शहात्तरवर अडला होता.

त्या दुपारी ती काठी टेकत अंगणात आली. खांद्यावर गडद निळा टॉवेल.

“अहो, आज मी उतरणार. तुमचं झाकण दिसो नाहीतर न दिसो.”

“तळ दिसत नाही तिथं माणूस उतरवायचा नाही.”

“अडतीस वर्षं लोकांना बाटल्या हलवून दिल्यात. त्यांचा तळ कधी दिसला होता?”

“ती औषधं प्यायची असतात. त्यात कोणी चालत नाही.”

“बाबा, उतरू द्या त्यांना,” सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. “मी हात धरते. पाणी कसंही असलं तरी आई मला दिसतीलच.”

कंपाउंडरांनी चमचा पावडरीत बुडवला.

“आजोबा, ते गुलाबी झालं होतं.”

हा आवाज नातीचा. वय नऊ. दिवसभर प्रश्न विचारते म्हणून घरात तिचं नाव चौकशी.

“काय गुलाबी?”

“नळीतलं पाणी. गोळी टाकल्या टाकल्या. मग गेलं.”

“मोजताना मध्ये बोलायचं नाही, किती वेळा सांगितलं?”

“मोजून झाल्यावरच बोलतेय.”

चमचा डब्यातच राहिला.

कंपाउंडरांची मोजायची पद्धत ठरलेली होती. नळीत पाणी घ्यायचं, गोळी टाकायची, बूच लावून हलवायचं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचं. साठ सेकंद पुरे झाले की मगच नळीकडे. कामाला लागले त्या आठवड्यात त्यांच्या वरिष्ठाने बजावलं होतं : औषधाकडे टक लावून बसू नको, घड्याळ बघ. त्यांनी आठही दिवस घड्याळ चोख बघितलं होतं.

त्यांनी पुन्हा नळी भरली. गोळी टाकली. या वेळी घड्याळ काढून खिशात ठेवलं.

पाणी झर्रकन गुलाबी झालं. दोन सेकंद, फार तर तीन. मग रंग असा उडाला, जणू नव्हताच.

“बघा,” चौकशी म्हणाली.

“आणि हेही बघा,” सुनेने सासूच्या खांद्यावरचा टॉवेल उचलला. “काल काठावर ओला झाला होता.” निळ्यावर तळहाताएवढे चार पांढरे डाग होते.

कंपाउंडरांनी नळी धुतली. औषध दाट असलं की पातळ करून मोजायचं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. हौदाचं पाणी एक भाग, नळाचं नऊ भाग. गोळी. रंग आला आणि टिकला. तक्त्यावर तीन. गुणिले दहा, तीस. चालतं एक ते तीन.

क्लोरीन कमी नव्हतंच. इतकं झालं होतं की मोजायच्या गोळीचा रंगच खाऊन टाकत होतं. आणि दुधाळपणा बराचसा त्यांनीच ओतलेल्या पावडरीचा होता.

बायको हौदाच्या शिडीच्या पहिल्या पायरीवर एक पाऊल ठेवून उभी होती. पाण्याला अजून बोटही लागलं नव्हतं.

“मागे ये,” ते म्हणाले. “आधी मागे ये.”

तिने पाऊल मागे घेतलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. डोळे, कातडी, श्वास, काय काय झालं असतं ते त्यांनी मोठ्याने सांगितलं नाही.

“म्हणजे मी आज धुऊन पांढरीशुभ्र निघाले असते,” ती म्हणाली.

“केसांचा डाय आधी गेला असता, आई,” सून म्हणाली.

“तू गप्प गं.” पण ती हसत होती. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, “तुमच्या त्या झाकणाने वाचवलं हो मला. उद्या त्याला हार घाला.”

वहीतली सातव्या आणि आठव्या दिवसाची शून्यं त्यांनी खोडली नाहीत. टॉवेलवर डाग कालच पडले होते, म्हणून दोन्हींच्या शेजारी लिहिलं : मोजणी चुकीची. त्याआधीचे किती दिवस चुकीचे, हे आता कळायला मार्ग नव्हता, म्हणून तिथे प्रश्नचिन्ह.

ताडपत्री निघाली. तिच्यामुळेच ऊन पाण्याला लागत नव्हतं, आणि उन्हानेच क्लोरीन उडतं. फिल्टरची नळकांडी सुनेने पाइपाच्या जोरदार धारेखाली धुतली. पांढरा चिखल निघाला. पाणी गाळणारा पंप रात्रभर सुरू राहिला.

शनिवारी सकाळी सात वाजता काळं झाकण दिसलं. चौकशीने ते आधी पाहिलं आणि सगळं घर डोक्यावर घेतलं. क्लोरीन अजून पंचवीस होतं. दुपारी एकला बारा. पाचला तीन.

आधी कंपाउंडर स्वतः उतरले. हौद आणल्यापासून पहिल्यांदाच. बनियन आणि अर्धी चड्डी घालून वीस मिनिटं उभे राहिले, डोळे उघडे ठेवून दोनदा डोकं बुडवलं.

“काय लागतंय?” बायकोने विचारलं.

“गार.”

“बाकी?”

“बाकी काही नाही. ये.”

ती त्या संध्याकाळी पंचवीस मिनिटं चालली. रविवारी दोन वेळा. सुनेने नातीच्या कंपासपेटीतला कोनमापक गुडघ्याला लावला. शनिवारी एकोणऐंशी. रविवारी सकाळी ब्याऐंशी. संध्याकाळी पंच्याऐंशी, पण चौकशीने हरकत घेतली : “आजी, तू हाताने दाबलंस.” पुन्हा मोजलं. चौऱ्याऐंशी.

सोमवारी सव्वानऊला सर्जनने तिला आत बोलावलं. काठी तिने नवऱ्याकडे दिली. कंपाउंडर बाहेरच्या बाकावर बसले. साडेनऊला त्यांनी घरी फोन लावला.

“किती?”

“दोन,” चौकशी म्हणाली. “मी नळीकडेच बघत होते. आजीचं काय झालं?”

“अजून बाहेर आली नाही.”

नऊ पन्नासला सर्जनच्या खोलीचं दार बंदच होतं; नव्वदला सहा अंश कमी होते, आणि भूल द्यायची की नाही ते आत ठरत होतं.