रद्द केलेला शोध

नीलकंठरावांना जाऊन वीस दिवस झाले, तरी मुलीसाठी त्यांचं स्थळं शोधणं थांबलं नव्हतं. मंजिरीच्या फोनवर रोज निरोप यायचा : ‘नीलकंठ यांच्या शोधात नवं स्थळ. सव्वीस गुण.’ तेराव्याला पानं वाढतानाही आला. हिंदी मुलखातल्या, बुढापारा मोहल्ल्यातल्या त्या घरात फोन वाजला की आई दचकायची.

"काहून येऊन राहिले हे अजून?"

"देखती हूँ, आई," मंजिरी म्हणायची आणि बघायची नाही. भीती वाटायचीच, पण त्याहून जास्त राग होता.

समाजाची पत्रिका जुळवायची साइट तिनेच बांधलेली. पान उघडं असेपर्यंत सर्व्हरने नव्या पत्रिका तपासत राहायचं, अशी रचना. मला लग्न करायचं नाही, असं तिने वडिलांना हात जोडून सांगितलं होतं. एका रविवारी जेवायला बसताना ते म्हणाले, "बंद केला शोध. तुयी शपथ." पहिला घास तोंडात जातो न जातो तोच फोन वाजला. सत्तावीस गुण. "खोटं बोलता," असं म्हणून ती ताटावरून उठली. मग अबोला. चौथ्या दिवशी ते गेले.

साइट रखडते, अशी समाजाच्या मंडळाची तक्रार आली तेव्हा एका दुपारी तिला सर्व्हरच्या नोंदी उघडाव्याच लागल्या. पान बंद करून केव्हाच निघून गेलेल्या माणसांचे साठ शोध आत चालूच होते. सर्व्हर पक्का सांगकाम्या. माणूस उठून गेला का, त्याने शोध रद्द केला का, हे मधूनमधून बघ, असं तिने त्याला सांगितलंच नव्हतं.

तिने बाबांचं नाव शोधलं. तोच रविवार. ‘शोध रद्द : दुपारी बारा चाळीस.’ ते जेवायला बसले होते एक वाजता.

बैल गेला आणि झोपा केला, तसं तिने राहिलेलं वाक्य आता लिहिलं : पुढची पत्रिका घेण्याआधी बघ, समोर कुणी आहे का, नसेल तर थांब. साठही शोध थांबले. फोन गप्प झाला आणि ती शांतता तिला सोसेना.

"झालं बंद?" आईने दारातून विचारलं.

"बाबानं तवाच बंद केलं होतं, आई. चूक माही होती."

आई उंबरठ्यावरच बसली.

"माह्यासमोरच दाबलं होतं बटन त्यायनं," ती म्हणाली. "पण मले वाटलं, तुयी मशीन थोडीच खोटं बोलते. त्या दिवशी ते बी जेवले नाही."