न उडालेला थवा

चिखलाने जड झालेलं पोतं.

सूचनाफलकावरचा एक कागद, चारी कोपऱ्यांना टाचण्या.

पाण्यावर हिरवी साय.

चार बारक्या खिडक्या, प्रत्येकीत एक आकडा.

मित्रांनो, त्या खिडक्या माझ्या. मी एक जुना काउंटर आहे. मुठीत मावणारा, लोखंडी. अंगठ्याने बटण दाबलं की 'टिक' वाजतं आणि आकडा एकाने पुढे सरकतो. बाजूची कळ फिरवली की पुन्हा सगळी शून्यं. मला एवढंच येतं.

कारखान्यात माझ्यासारखे हजार एका दिवसात झाले. माझ्या वाट्याला वस्तुसंग्रहालयाचं दार आलं. तिथला शिपाई आत येणारी माणसं मोजायचा. सव्वीस वर्षं त्याने मला दाबलं आणि निवृत्त झाला तेव्हा साहेबांना विचारून घरी आणलं. बायको म्हणाली, "आता घरात काय मोजणार? दोघंच तर आहोत."

तो मला घेऊन तळ्यावर जाऊ लागला. शहराच्या मधोमध तळं, भोवती पायवाट, आणि दर रविवारी सकाळी गळ्यात दुर्बिणी अडकवलेली दहाबारा माणसं. ती त्याला काका म्हणू लागली. बाकीचे अंदाजपंचे सांगत, शे-दोनशे असतील. काका मात्र एकेक पक्षी मोजत: काळे चांदवे, रुंद चोचीची बदकं, बुड्या मारणाऱ्या टिबुकल्या. मग सगळे विचारत, "टिकटिक्या काय म्हणतो?" आणि मी म्हणेन तो आकडा वहीत जाई. माझ्या अंगावर मूठभर मांस चढे, लोखंडाला चढत असेल तर.

मोजणी क्वचितच पुरी होई. तीनशेपर्यंत यावं, कुणीतरी शिंकावं आणि थवा उडावा. काका कळ फिरवत आणि पहिल्यापासून सुरू करत. बारा वर्षांत सगळं तळं त्यांनी एका दमात कधी मोजलं नव्हतं.

उन्हाळा लवकर तापला, त्या वर्षी एका रविवारी मात्र ते एका दमात मोजून झालं.

०४१८

काठावरच्या बदकांपासून ते दोन हातांवर उभे होते, तरी एकही उडालं नाही. काकांचे डोळे भरून आले.

पायवाट झाडणारी बाई झाडूवर हात टेकून बघत होती. पाखरं उडत का नाहीत, असं तिने विचारलं.

"बारा वर्षं येतोय, बाई. ओळखतात आता मला."

"ओळखतात म्हणून मान टाकतात होय?"

काका हसले. तुम्ही पाला बघा, पाखरं आम्ही बघतो, असं म्हणून पुढे गेले.

घरी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं की तळ्यावरचे पक्षी आता माणसाला भीत नाहीत. कागद तळ्याकाठच्या सूचनाफलकावर लागला. काकांचा शब्द, कोण शंका घेणार? आठवडाभर लोक मुलांना घेऊन माणसाळलेली बदकं बघायला येत राहिले. पाखरं आजारी आहेत, असं झाडणारी बाई दोनदा तळ्याच्या कचेरीत सांगून आली. दोन्ही वेळा तिला फलकाकडे बोट दाखवलं गेलं.

०३१२

हा पुढच्या रविवारचा आकडा. माणसं गुडघाभर चिखलातून एकेक पक्षी उचलून पोत्यात टाकत होती आणि काका मला दाबत होते. बटण तेच, आवाजही तोच. एका पक्ष्याला बटण चुकून दोनदा दाबलं गेलं, तर त्यांनी बांधलेली पोती सोडायला लावली आणि पहिल्यापासून मोजलं. या वेळी कोणी उडून मोजणी मोडणार नव्हतं.

गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी समजावलं, उन्हाने पाणी कुजतं, गाळात विष तयार होतं. आधी पंख लुळे पडतात, मग पाय, मग मान. मान पाण्यात पडली की पक्षी बुडतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत कालव्याचं दार उघडून ताजं पाणी सोडलं आणि आजारी पक्षी उचलून नेले, तर बरेच जगतात.

"बरेच म्हणजे किती?"

"ते आता मोजून काय करणार, काका?"

झाडणारी बाई पोत्यांची तोंडं बांधत होती. ती चार शब्द बोलली असती, तर काकांना बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी खणात आहे, सुया आणि बिनकामाच्या किल्ल्यांमध्ये. कळ गंजली. मला कोणी शून्यावर आणलंच नाही. काकू अधूनमधून म्हणतात, तळ्यावर जाऊन या, पाय मोकळे होतील.

"कुठल्या तोंडाने जाऊ?" काका म्हणतात, आणि पेपराची उलटी घडी करतात.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना तेल द्या, कोरडं ठेवा, हे सांगायला हवंच. पण आमच्या आकड्यांवर फार भुलू नका. रानातलं पाखरू हाताशी आलं, तर आनंद करण्याआधी ते उडू शकतं का, एवढं बघा. आणि जी बाई ती वाट रोज झाडते, तिचं ऐका.

कालव्याचं दार उघडणारे दोघं त्या पहिल्या रविवारी सकाळपासून दारापाशीच बसून होते. दिवसभर त्यांना काहीच काम नव्हतं.