एकच टोपले

सकाळचे ऊन गोठ्यात नेहमी उशिराच येई. आधी ते छपराच्या कवेलूंच्या फटींतून धुरकट वाशांना लागे, मग कुडावर उमटलेल्या शेणाच्या बोटांवरून हळूहळू खाली सरके, खुंट्यापाशी क्षणभर थबके आणि शेवटी सरकीच्या ढेपेच्या टोपल्यात येऊन बसे. उन्हात कडब्याचा भुसा तरंगत राही. प्रेमदास रोज ते पाहत उभा राही. पाहण्यासारखे त्यात काही नव्हते, म्हणूनच कदाचित.

नवा बैल चांद्या पौषाच्या थंडीत, मालगाडीच्या दाटीवाटीच्या डब्यातून पांढुर्ण्याहून सिंदीला उतरला होता. जोडीदार मेल्यापासून जुना पवळ्या एकटा होता, आणि एका बैलाने मोट चालत नाही. वांग्यांचे वाफे सुकू लागले होते. प्रेमदासच्या आईने, सखूबाईने, रीतीप्रमाणे चांद्याचे पाय धुतले आणि दोघांपुढे ढेपेचे एकच टोपले ठेवले. एका टोपल्यात तोंडे गेली की जोडी जमते.

आठवड्याच्या आत चांद्या खोकू लागला. अंग तापले, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड गळू लागला, श्वासासाठी मान पुढे ताणली गेली.

गुरांच्या डॉक्टरांनी बरगडीला कान लावला. "फुप्फुसं धरली आहेत. या रोगाचा जंतू धडधाकट जनावराच्या नाकातही निमूट असतो. प्रवासानं, थंडीनं जनावर खचलं की खाली फुप्फुसात उतरतो. सल्फाच्या गोळ्या देतो. पण याला वेगळा बांध. टोपलंही वेगळं."

"वेगळा बांधला तं जोडी कशी जमन, डॉक्टरसाहेब?"

"आधी नवरदेव जगू दे. मग वरात काढ."

प्रेमदास कसनुसे हसला. डॉक्टर गेल्यावर त्याने चांद्याचे दावे सोडले नाही. टोपलेही हलवले नाही.

दोन दिवसांनी सखूबाई म्हणाली, "प्रेमा, पवळ्याबी खोकून राह्यला रे."

"चांद्याच खोकते, माय. तुले कुडाआडून आवाज येऊन राह्यला."

"मी काई बहिरी नाई झाली अजून."

पुढे खोकला ऐकू आला, की प्रेमदास मान वळवून फक्त चांद्याकडे पाही.

चांद्या एका पहाटे गेला. माणसे बोलावून प्रेमदासने त्याला गाडीवर घालून गावाबाहेर नेले, पुरले आणि तो परत येऊन गोठ्याच्या दारात उभा राहिला. ऊन कुडावरून उतरत होते. खुंट्यापाशी थबकले, टोपल्यात येऊन बसले. ढेप तशीच होती. तिला कुणी तोंड लावले नव्हते.

गोठ्यात आता एकच बैल होता, आणि तो खोकत होता.